पंपिंग २० टक्के, म्हणून जमीन विकावी का?

खानापूर तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वडील ६१ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला. गेल्या पाच महिन्यांत दम लागून दोनदा बेळगावला ॲडमिट करावं लागलं. शेवटचा डिस्चार्ज सात आठवड्यांपूर्वी. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग २० टक्के. डॉक्टरांनी चार मुख्य औषधं आणि लघवीची गोळी लिहून दिली. घरी आल्यावर बीपी ९५ भरलं म्हणून गावातल्या डॉक्टरांनी दोन औषधं, सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन, बंद केली. तिसरी गोळी "ही शुगरची आहे, आप्पांना शुगर कुठाय" म्हणून धाकट्या भावानं थांबवली. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी मात्र रोज चालू आहे. मधल्या काळात पाहुण्यांच्या ओळखीनं लांबच्या मोठ्या शहरात दाखवलं. तिथं सांगितलं की आधी दोन रक्तवाहिन्यांत स्टेंट, मग छातीत मशीन, आणि पुढंमागं हृदय प्रत्यारोपण. सुरुवातीचाच खर्च सात-आठ लाख. भावांनी दोन एकर पाणस्थळ उसाची जमीन काढायचं ठरवलंय, गिऱ्हाईक इसार द्यायला तयार आहे. आप्पांना यातलं काहीच माहीत नाही. ताई लिहितात: "वीस टक्केच राहिलंय म्हणजे किती दिवस धरायचे? नुसत्या गोळ्यांवर ठेवलं तर उद्या गाव म्हणेल, जमिनीपायी बापाला मारलं. थांबा म्हटलं तर भाऊ म्हणतात, तू परक्या घरची, तुला काय कळतं."

ताई,

आधी व्यवहाराचं. इसार घेऊ नका, पुढचे तीन महिने तरी नको. पत्रासोबत तुम्ही औषधांची जी यादी पाठवलीत, तिच्यावरून एक गोष्ट लख्ख दिसते. डिस्चार्ज कार्डावरच्या चार मुख्य औषधांपैकी आप्पा आज एकच घेताहेत, कार्व्हेडिलॉल, आणि तेही ३.१२५ मिलिग्रॅम, म्हणजे जिथून सुरुवात करतात त्या डोसात. गोळ्यांनी गुण आला नाही असं म्हणायला गोळ्यांचा उपचार अजून सुरूच झालेला नाही. भाऊ ज्याला "नुसत्या गोळ्या" म्हणताहेत, तोच या आजाराचा, म्हणजे हार्ट फेल्युअरचा (हृदयाचा पंप कमी पडण्याचा), मुख्य उपचार आहे. स्टेंट, मशीन हे सगळं त्याच्यानंतरचं.

थांबा म्हणजे हातावर हात धरून बसा असं नव्हे. वर्षभरात दोनदा ॲडमिट होणं ही या आजारातली धोक्याची खूण आहे. हृदयरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात परत दाखवा.

आता त्या वीस टक्क्यांचं. हा आकडा ऐकला की घरोघरी एकच हिशोब होतो: शंभरातले ऐंशी गेले, वीस उरले. हृदयाचा डावा कप्पा रक्तानं भरतो आणि आवळला जातो. भरलेल्या रक्तातलं किती बाहेर फेकलं, त्याची ही टक्केवारी. धडधाकट माणसाचा कप्पाही कधी पुरता रिकामा होत नाही. शंभर मिलिलिटर भरलं तर साठेक बाहेर जातं, बाकीचं आतच राहतं. आप्पांचे वीस ताडून बघायचे ते या साठाशी. तरीही ते फार कमी आहेत आणि आजार गंभीर आहे, यात शंका ठेवू नका. पण हा त्या दिवशीच्या पंपाचा आकडा आहे, उरलेल्या आयुष्याचा नाही. व्होल्टेज पडलेलं असताना बोअरला पाणी कमी आलं, म्हणून मोटार जळाली असं कोणी ठरवत नाही. तो इको आप्पा दम लागून ॲडमिट असताना काढलेला आहे. औषधं पुऱ्या डोसात तीन महिने पोटात गेल्यावर तोच इको पुन्हा काढतात, आणि मोठे निर्णय त्या दुसऱ्या आकड्यावर घेतात.

आकडा किती वाढेल? अटॅकमध्ये स्नायूचा जो भाग मेला तिथं व्रण राहतो, तो भाग परत येत नाही. आजूबाजूचा भाग कधी कधी नुसता दबून पडलेला असतो, तो उठू शकतो. काहींचा आकडा पस्तीस-चाळीसवर जातो. काहींचा पंचविसाच्या पुढं सरकत नाही, पण माणूस देवळापर्यंत चालत जाऊन येतो आणि रात्री आडवा झोपू शकतो. म्हणून टक्क्याच्या जोडीला हेही लिहून ठेवा: अंगणापासून किती लांब गेल्यावर दम लागतो, आणि रात्री किती उशा घ्याव्या लागतात.

"किती दिवस" याचं एका माणसापुरतं उत्तर कोणीच देऊ शकत नाही. पुष्कळ रुग्णांचे मिळून आकडे आहेत, ते तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. देशभरातल्या ५३ रुग्णालयांतल्या १०,८५१ हार्ट फेल्युअर रुग्णांची राष्ट्रीय नोंद २०२२ साली प्रसिद्ध झाली. त्यांचं सरासरी वय साठाच्या आसपास, म्हणजे आप्पांच्याच बरोबरीचे. नव्वद दिवसांत त्यांतले १४ टक्के दगावले. आकडा मोठा आहे. पण त्याच नोंदीत आणखी दोन गोष्टी आहेत. पंपिंग कमी असलेल्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना ठरलेली सगळी औषधं मिळत होती, आणि ज्यांना मिळत होती त्यांच्यात मृत्यू कमी होते. शिवाय रुग्णाचं शिक्षण जसं कमी, तसे मृत्यू जास्त. इंग्रजी कार्ड वाचून कुठली गोळी का दिली हे विचारणारं माणूस घरात असलं तर फरक पडतो, असा त्याचा अर्थ मी लावते. तुमच्या घरात ते माणूस तुम्ही आहात, परक्या घरच्या असलात तरी.

गोळ्यांनी काय होतं, ते आकड्यांतच बघा. १९८७ साली स्वीडन, नॉर्वे, फिनलंड इथं अगदी शेवटच्या पायरीवरच्या, बसल्या जागी दम लागणाऱ्या रुग्णांवर एनालाप्रिल या साध्या गोळीचा अभ्यास झाला. सहा महिन्यांत गोळी नसलेल्यांतले ४४ टक्के गेले, गोळी घेणाऱ्यांतले २६. स्पायरोनोलॅक्टोनचा अभ्यास १९९९ चा: दोन वर्षांत मृत्यू ४६ टक्क्यांवरून ३५ वर आले. पंपिंग २५ च्या खाली असलेल्यांनाच कार्व्हेडिलॉल देऊन पाहिलं गेलं २००१ मध्ये, तिथं मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन २०१४ मध्ये एनालाप्रिलपेक्षाही सरस ठरलं. आणि भावानं थांबवलेली "शुगरची गोळी", डापाग्लिफ्लोझिन: २०१९ च्या अभ्यासात शुगर नसलेल्या हृदयरुग्णांनाही तिचा तितकाच फायदा झाला. ती आप्पांना हृदयासाठीच दिलेली आहे. दहा मिलिग्रॅम, रोज एक, डोस वाढवायची भानगड नाही.

ही औषधं हृदयाला जोर देत नाहीत. पंप कमी पडला की शरीर घाबरतं आणि ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्यं सोडून त्याला पळवत राहतं. थकलेल्या बैलाला चाबूक मारत राहावं तसं. चार दिवस तो ओढतो आणि मग बसतोच. कार्व्हेडिलॉल तो चाबूक काढून घेतं. म्हणून सुरुवातीला दोन-तीन आठवडे उलट थकवा वाटतो, आणि "गोळी सोसेना" म्हणून लोक इथंच सोडतात. सोडू नका, आणि एकदम तर कधीच बंद करू नका. डोस साधारण दर पंधरवड्याला दुप्पट करत नेतात: ३.१२५ वरून ६.२५, मग १२.५, मग २५, दिवसातून दोनदा, जेवणानंतर. अट एवढीच की पायाला सूज आणि छातीत पाणी नसताना वाढवायचं, आणि नाडी पन्नासच्या खाली जाऊ द्यायची नाही. सॅक्युबिट्रिलच्या गोळीचंही तसंच, ५० वरून १००, मग २००. आपल्याकडं कित्येक रुग्ण वर्षानुवर्षं पहिल्याच डोसावर राहतात, कारण कोणी वाढवतच नाही. डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत पुऱ्या डोसापर्यंत नेऊन, त्या काळात वरचेवर तपासत राहिलं तर काय होतं, हे २०२२ च्या एका अभ्यासानं दाखवलं: सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा ॲडमिट होणं २३ टक्क्यांवरून १५ वर आलं. तुम्ही डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न तोच आहे: "डोस कधी वाढवायचा, आणि त्यासाठी आम्ही कधी यायचं?"

बीपी ९५ चं काय, मग? गावातल्या डॉक्टरांवर रागावू नका. रात्री दोन वाजता तुमच्या दारात येणारे तेच आहेत. पण या आजारात वरचं बीपी ९० ते १०० राहणं हे पुष्कळदा औषध लागू पडल्याचं लक्षण असतं. उठल्यावर चक्कर नाही, लघवी नीट होते, हातपाय गार पडत नाहीत, तर ९५ ला घाबरून औषध बंद करायचं कारण नाही. चक्कर येत असेल तर आधी बघायचं ते वेगळंच: लघवीची गोळी गरजेपेक्षा जास्त होऊन अंग कोरडं पडलंय का, बीपीची जुनी ॲमलोडिपिन किंवा प्रोस्टेटची गोळी मध्येच चालू आहे का, दोन गोळ्या एकाच वेळी घेतल्या जाताहेत का. कार्व्हेडिलॉल आणि सॅक्युबिट्रिल यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवलं तरी बऱ्याचदा भागतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिननं बीपी फारसं उतरत नाहीच. हृदयरोगतज्ज्ञांकडून कार्डावर एक ओळ लिहून घ्या: वरचं बीपी कितीच्या खाली गेलं तर काय कमी करायचं, आणि कितीपर्यंत काहीच बंद करायचं नाही. ती ओळ गावातल्या डॉक्टरांना दाखवा.

बंद झालेली औषधं घरच्या घरी परत सुरू करू नका. आधी रक्तात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम बघायला लागतं. स्पायरोनोलॅक्टोन चालू केल्यावर आठवड्यानं आणि पुन्हा महिन्यानं पोटॅशियम तपासायचं, ५.५ च्या वर गेलं तर डोस निम्मा, ६ च्या वर गेलं तर त्याच दिवशी गोळी बंद आणि दवाखाना. क्रिएटिनिन थोडं वाढतंच, आधीच्या तीस टक्क्यांपर्यंत वाढ चालवून घेतात. याच कारणानं मेडिकलमधलं "कमी सोडियमचं मीठ" आप्पांसाठी आणू नका. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं. रोज शहाळं पाजणंही नको. छातीवर स्तनाच्या जागी गाठ येऊन दुखायला लागलं तर तो बहुधा स्पायरोनोलॅक्टोनचा परिणाम असतो, डॉक्टरांना दाखवा. बदली एप्लेरेनोन मिळतं. आणि घरात अटॅकच्या वेळच्या रामिप्रिलच्या जुन्या पट्ट्या असतील तर आजच बाहेर काढा. ती गोळी आणि सॅक्युबिट्रिल यांच्यात ३६ तासांचं अंतर लागतं; दोन्ही पोटात एकत्र गेली तर तोंड-घसा सुजून जिवावर बेतू शकतं.

डापाग्लिफ्लोझिनचं एक पथ्य आहे. जुलाब-उलट्या होत असतील, किंवा एकादशीचा कडक उपवास असेल, तर त्या दिवशी ती घ्यायची नाही, नीट जेवायला लागल्यावर परत सुरू. लघवीच्या जागी खाज आली तर लाजून गप्प न राहता सांगायचं, मलमानं बरी होते.

तुमच्या पत्रातली सगळ्यात वाईट ओळ मात्र गुडघ्याच्या गोळीची आहे. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, या जातीच्या गोळ्या अंगात मीठ-पाणी साठवतात, किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात आणि लघवीच्या गोळीचं काम हाणून पाडतात. दोनदा ॲडमिट होण्यामागं तिचा हात असू शकतो. ती गोळी आज बंद करा. दुखण्याला साधी पॅरासिटामॉल, वरून शेक, मलम. मेडिकलवाल्याला सांगून ठेवा की आप्पांच्या नावानं दुखण्याची गोळी कोणी मागितली तरी द्यायची नाही. ॲसिडिटीसाठी सोडा किंवा पाण्यात फसफसणाऱ्या पुड्या नकोत, त्यांत सोडियम भरपूर असतं. कोणी झाडपाल्याचा काढा दिला असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

आता सात-आठ लाखांचं. तीन वेगळ्या गोष्टी एकाच दमात सांगितल्या गेल्यात, त्या वेगळ्या करू.

स्टेंट. छातीत कळ येत असेल किंवा ताजा अटॅक असेल तर स्टेंटची गरज निर्विवाद. पण पंपिंग ३५ किंवा त्याहून कमी, आणि बहुतेकांच्या छातीत कळ नाही, अशा ७०० रुग्णांचा ब्रिटनमधला अभ्यास २०२२ मध्ये आला. निम्म्यांना स्टेंट अधिक औषधं, निम्म्यांना फक्त औषधं. तीन वर्षांहून जास्त काळानंतर मृत्यू किंवा ॲडमिट होणं एका गटात ३७ टक्के, दुसऱ्यात ३८. पंपिंगमध्येही फरक नाही. तुम्ही कळ येत असल्याचं लिहिलेलं नाही. तेव्हा विचारायचं ते असं: "स्टेंट टाकून दम कमी होईल, की आयुष्य वाढेल, की दोन्ही नाही?" बायपासची गोष्ट थोडी वेगळी. एकाहून जास्त रक्तवाहिन्या अडलेल्या, पंपिंग ३५ च्या आत, अशांना दहा वर्षांच्या पाहणीत बायपासचा फायदा दिसला: मृत्यू ६६ टक्क्यांवरून ५९. ऑपरेशनचा धोका सुरुवातीला असतो, फायदा उशिरा येतो. आप्पांच्या वयाला हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. अँजिओग्राफीची सीडी घेऊन जा, नुसता कागद पुरत नाही.

मशीन. ही दोन प्रकारची असतात आणि गल्लत तिथंच होते. एक आयसीडी. ठोके अचानक बिघडले तर आतून शॉक देऊन माणूस वाचवायचं काम ती करते. दम तिनं कमी होत नाही, पंप सुधारत नाही. पाच वर्षांत मृत्यू ३६ टक्क्यांवरून २९ वर आणते, एवढी तिची ताकद, आणि ती कमी नाही. पण तीन महिने पुरी औषधं घेऊनही पंपिंग ३५ च्या वर गेलं नाही तर ती बसवायची, असा नियम आहे. आप्पांचे ते तीन महिने अजून सुरूच झालेले नाहीत. बेशुद्ध पडण्याचा प्रकार झाला असेल तर मात्र थांबायचं नाही. दुसरी सीआरटी. हृदयाच्या दोन बाजू मागंपुढं आवळत असतील तर त्यांचा ताल जुळवते, आणि ज्यांना लागू पडते त्यांचा दम खरोखर कमी होतो. ती कोणाला लागू पडेल ते साध्या ईसीजीवर कळतं: एलबीबीबी (डाव्या बाजूकडं जाणारा विजेचा मार्ग अडल्याची खूण) लिहिलेलं असेल आणि क्यूआरएसची (ठोक्याच्या विजेच्या लाटेची) रुंदी १५० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त असेल, तर फायदा सगळ्यांत खात्रीचा. आप्पांच्या ईसीजीत हे आहे का, इतकंच विचारा. नसेल तर फायद्याची खात्री कमी, तेव्हा खर्चाआधी नीट विचारा.

प्रत्यारोपण. ते शेवटचं आहे, पण अशक्य नाही, आणि त्यासाठी बेंगळुरूच गाठावं लागतं असंही नाही. बेळगावात डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयात हृदय प्रत्यारोपण झालेली आहेत. कर्नाटकात अवयवांची यादी जीवसार्थकते या सरकारी संस्थेमार्फत चालते. यादीत नाव लागतं, हृदय विकत मिळत नाही. जगभरचा अनुभव असा की प्रत्यारोपण झालेल्यांपैकी निम्मे बारा वर्षांच्या पुढं जगतात. बदल्यात प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर, पहिल्या वर्षी पुन्हा पुन्हा तपासण्या, आणि जंतुसंसर्गाची कायमची भीती. ऑपरेशनच्या खर्चापेक्षा हा पुढचा महिन्याचा खर्च घरं खाली आणतो. जमीन विकायचीच वेळ आली तर ती त्या वेळी हाताशी असावी, स्टेंटमध्ये आधीच गेलेली नसावी. कृत्रिम पंपाचंही कोणी सांगेल. तो कोटीच्या घरात जातो, त्याची तार पोटातून बाहेर येते, बॅटऱ्या रोज चार्ज कराव्या लागतात. वीज जाणाऱ्या गावात त्याचा विचार फार जपून करावा लागतो.

खर्चाबद्दल. बीपीएल रेशन कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, दीड लाखाच्या मर्यादेत. तातडीची वेळ नसेल तर सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र आधी लागतं. ते न घेता थेट खासगीत ॲडमिट झालं की योजना हातातून जाते, आणि हे फार घरांचं झालेलं आहे. बेळगावला बिम्स या सरकारी रुग्णालयातून पत्र घ्या. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचं महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये जाहीर केलंय. तुमचं गाव त्यात असेल तर कोल्हापूरकडच्या दवाखान्यात जाण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) फोन करून कागद कोणते आणि हा उपचार बसतो का, हे विचारा. रोजच्या औषधांसाठी जनऔषधी केंद्रात चौकशी करा. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टनचं २०२३ मध्ये, त्यामुळं दोन्हींची जेनेरिक आता कितीतरी स्वस्त पडतात. फक्त कंपनी बदलली तरी आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम कार्डाशी ताडून घ्या.

घरी काय करायचं, तर सगळ्यात आधी वजनाचा काटा आणा. कारखान्यावर उसाच्या ट्रॅक्टरचा काटा शेतकरी डोळ्यांत तेल घालून बघतो, तसा हा बघायचा. सकाळी उठून, संडास-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायचा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते मांस नव्हे, पाणी आहे. दम लागायच्या चार-पाच दिवस आधी काटा सांगतो. अशा वेळी लघवीची गोळी, टॉरसेमाइड, किती वाढवायची आणि किती दिवस, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. संध्याकाळी नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. काढल्यावर खळगा तसाच राहिला तर सूज आहे. लघवीची गोळी बसमध्ये अडचण होते म्हणून बेळगावला जायच्या दिवशी चुकवली जाते. ती चुकवायची नाही, घरी परतल्यावर घेतली तरी चालेल, फक्त झोपायच्या आधी नको.

मिठाचा हिशोब पुड्यावरून करा. माणशी दिवसाला पाच ग्रॅम, चहाचा एक सपाट चमचा. पाच माणसांच्या घरात एक किलोचा पुडा चाळीस दिवस जायला हवा. वीस दिवसांत संपत असेल तर सगळ्यांच्याच ताटात दुप्पट मीठ आहे. लोणचं, पापड, सांडगी मिरची, सुकट, बेकरीची खारी, हे त्या हिशोबाच्या वरचं, तेव्हा आप्पांच्या ताटातून काढा. त्याहून कडक पथ्य, अळणी जेवण वगैरे, करू नका. माणसाचं जेवण तुटतं आणि फायदा होत असल्याचं दिसलेलं नाही. पाणी सूज असताना दिवसाला दीड ते दोन लिटर. घरातला तांब्या एकदा मोजून घ्या म्हणजे आमटी, चहा, ताक धरून किती तांबे ते कळेल. तंबाखू आणि दारू पूर्ण बंद. फ्लूची लस दरवर्षी. रक्तात लोह तपासायला सांगा. हिमोग्लोबिन चांगलं असूनही लोह कमी असू शकतं, आणि या आजारात ते गोळीपेक्षा सलाईनमधून दिलेलं लागू पडतं.

बसल्या जागी दम, आडवं होता न येणं, गुलाबी फेसाची थुंकी, शुद्ध हरपणं, दिवसभर लघवी न होणं, पंधरा मिनिटांहून जास्त छातीत कळ: यातलं काहीही झालं तर कोणाची वाट न बघता १०८ ला फोन.

तीन-चार महिन्यांनी आप्पांना बरं वाटलं की घरातलं कोणीतरी म्हणेल, आता कशाला एवढ्या गोळ्या. तेव्हा हे लक्षात ठेवा: ज्यांचं हृदय सुधारून नॉर्मल झालं होतं अशा लोकांची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू काढून पाहिली, तर सहा महिन्यांत ४४ टक्के लोकांचं हृदय परत बिघडलं. तो अभ्यास अटॅक न आलेल्यांवरचा होता. आप्पांच्या हृदयात तर व्रण आहे.

आणि हे सगळं करूनही कदाचित सुधारणा होणार नाही. औषधं सोसत नाहीत, बीपी ८० च्या घरात, किडनी बिघडत चाललीय, पुन्हा पुन्हा ॲडमिट, असं झालं तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा की आता प्रत्यारोपणाचा मार्ग आहे की नाही. नसेल तर दम आणि घालमेल कमी करणारे उपचार असतात, अगदी थोड्या मॉर्फिननं श्वासाची तडफड निवते, आणि ते घरीही देता येतात. शेवटचे दिवस आयसीयूच्या काचेआड घालवणं म्हणजेच सेवा, असं धरून चालू नका.

राहिला प्रश्न आप्पांना सांगायचा. दोनदा ॲडमिट झालेला, रात्री उशीला टेकून बसून काढणारा माणूस स्वतःच्या छातीबद्दल अजाण नसतो. तुम्ही सांगत नाही म्हणून तो विचारत नाही, एवढंच. शिवाय उताऱ्यावर नाव त्यांचं आहे. त्यांच्या मागं व्यवहार ठरवून सही घ्यायच्या दिवशी सांगणं, हा धक्का आकड्यापेक्षा मोठा ठरेल. टक्के सांगायची गरज नाही. "आप्पा, हृदय कमजोर झालंय, औषधं आहेत, पण ती रोज आणि सगळी घ्यायला लागतील, तीन महिन्यांनी परत तपासायचंय" एवढं पुरे. मग थांबा, त्यांना विचारू द्या. ते जेवढं विचारतील तेवढंच सांगा, पण सांगाल ते खरं सांगा. जमिनीचं, मशीनचं, ऑपरेशनचं त्यांना काय वाटतं ते भावांच्या समोर त्यांच्याच तोंडून येऊ दे. गाव काय म्हणेल याची भीती तुमच्या तिघांनाही आहे. आप्पांनी स्वतः सांगितलेलं गावालाही मोडता येत नाही.

बोलायला सकाळची वेळ धरा, नाश्ता आणि गोळ्या झाल्यावर. संध्याकाळी ते थकलेले असतात आणि बोलता बोलता दम लागतो.